जुन्या पीसीला टचस्क्रीन: वाचनालयासाठी कुणी जोडलंय का?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला एका सभासदाने ऑफिसातून निघालेला पीसी दिलाय. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, विंडोज ७ आणि १७ इंची चौकोनी एलसीडी. मशीन म्हातारं पण ठणठणीत. देवघेवीच्या टेबलाशेजारी ठेवलंय, म्हणजे हवं ते पुस्तक आपल्याकडे आहे का, असलं तर कपाटात आहे की कुणाच्या घरी, हे वाचकांनी स्वतःच बघावं.

अडचण अशी की आमचे बरेच वाचक साठीच्या पुढचे. माऊसला कुणी हात लावत नाही. सरळ पडद्यावर बोट टेकवतात, काही झालं नाही की जरा जोरात टेकवतात, आणि मग "मशीन बंद आहे हो तुमचं" म्हणत ग्रंथपाल बाईंकडे जातात. त्यांचं तरी काय चुकलं, सगळ्यांच्या खिशात टचचाच मोबाईल आहे.

नवा टचवाला ऑल-इन-वन घ्यायला कार्यकारी मंडळ तयार नाही, आणि खरं सांगायचं तर तो पैसा पुस्तकांवर गेलेला मलाही आवडेल. आहे त्याच मॉनिटरवर टच बसवता येतो असं ऐकलं. कुणी केलंय का? एवढ्या जुन्या पीसीला झेपतं का? की सेकंडहँड टच मॉनिटर शोधावा?

टाचणी

रुमाल टाकून ठेवते. सवडीने सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते प्रश्न काचेचा नाहीच.

पावशेर_सोल्डर

आधी "झेपतं का" ते निकालात काढू. टच पॅनेल पीसीला फक्त बोट कुठे आहे तेवढंच कळवतं, म्हणजे दर वेळी मोजके बाइट. नव्वदच्या दशकात हे काम ९६०० बॉडच्या, म्हणजे अगदी संथ, सिरियल पोर्टवरून (यूएसबीच्या आधीची जोडणी) निवांत चालायचं. तुमच्या कोअर टू ड्युओला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आहे त्या मॉनिटरवर बसवायचं तर सगळ्यात सोपी इन्फ्रारेड फ्रेम. मॉनिटरच्या कडेवर चिकटणारी चौकट असते. दोन बाजूंना इन्फ्रारेड एलईडी, त्यांच्या समोरच्या बाजूंना सेन्सर. बोट मध्ये आलं की आडवे-उभे किरण तुटतात आणि त्यावरून जागा ठरते. बोट, पेन, हातमोजा, काहीही चालतं. यूएसबीला लावली की विंडोज ७ ती स्वतःच ओळखतं, बहुतेक फ्रेमना वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

दुसरा प्रकार रेझिस्टिव्ह. काचेवर पातळ फिल्म, दोन्हींच्या आतल्या अंगाला वीज वाहणारा थर, मध्ये बारीक ठिपक्यांनी राखलेली फट. दाबलं की थर एकमेकांना टेकतात. हा घरी बसवायचा तर मॉनिटरचं पुढचं कव्हर उघडावं लागतं, उजेड थोडा कमी होतो आणि काचेखाली धूळ अडकली की कायमची दिसत राहते. हौस असेल तरच.

एक महत्त्वाचं. खोक्यावरचे १७ इंच विसरा. टेप घेऊन फक्त उजळणारा भाग मोजा. १२८० बाय १०२४ च्या १७ इंचीत तो साधारण ३३.८ बाय २७ सेंटिमीटर भरतो. बाजारात बहुतेक फ्रेम रुंद पडद्याच्या मापात असतात. ५:४ ची (रुंदी ५, उंची ४) आहे का हे विचारून, माप लिहून देऊन मगच पैसे द्या.

अण्णा_बार्शीकर

इन्फ्रारेड लावा, पण संध्याकाळच्या किड्यांचं काय ते बघा. आमच्याकडे एका मिठाईच्या दुकानात अशीच फ्रेम आहे. पहिल्या पावसानंतर पाखरं सुटली की उजेड बघून पडद्यावर येतात आणि आपोआप बिल व्हायला लागतं. मालक एका हाताने वर्तमानपत्र हलवतो, दुसऱ्या हाताने बिल रद्द करतो. पाखराने मागवलेली पावशेर बासुंदी मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

पावशेर_सोल्डर

अण्णा, माझ्या आयडीवर कशाला घसरता :)

पण मुद्दा खरा आहे. इन्फ्रारेडला बोट आणि पाखरू यांतला फरक कळत नाही, किरण अडला की टच. काही फ्रेममध्ये किती लहान वस्तू सोडून द्यायची ते ठरवता येतं. दुसरं, खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर सेन्सर दिपतात. मॉनिटर खिडकीकडे तोंड करून नाही, तर खिडकीच्या बाजूच्या भिंतीला लावा.

जुनापुराणा

वा, माझ्या आवडीचा धागा. "मोबाईल आले म्हणून टच आला" असं इथे कुणी म्हणायच्या आत थोडं अवांतर.

पीसीवरचा टच मोबाईलपेक्षा बराच आधीचा आहे. १९७२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो-४ या शिक्षणप्रणालीच्या टर्मिनलला प्लाझ्मा पडदा होता आणि त्यावर १६ बाय १६ चं इन्फ्रारेड जाळं. पोरं उत्तरावर बोट ठेवायची. १९८३ मध्ये ह्युलेट पॅकार्डने एचपी-१५० काढला: ८०८८ प्रोसेसर, एमएस-डॉस, ९ इंची सीआरटी (जुना डबा टीव्हीसारखा पडदा) आणि भोवतीच्या चौकटीत इन्फ्रारेडची भोकं. सोल्डरपंतांनी वर सांगितलेली फ्रेम म्हणजे तत्त्वतः तेच. त्या भोकांत धूळ साचली की टच आंधळा व्हायचा. आत्ताच्या फ्रेममध्ये भोकांऐवजी सलग काळी पट्टी असते, इन्फ्रारेड तिच्यातून जातं आणि धूळ बाहेर राहते. तरी वाचनालयातली धूळ आहे, आठवड्याला कोरड्या मऊ फडक्याने ती पट्टी पुसायला सांगून ठेवा.

डॉसमध्ये टच कसा चालायचा तेही गमतीचं आहे. ड्रायव्हर मेमरीत बसून राहायचा आणि प्रोग्रामने माऊसची विचारणा केली, म्हणजे इंटरप्ट ३३एच मागितला, की बोटाची जागा माऊसची म्हणून पुढे करायचा. प्रोग्रामला शेवटपर्यंत वाटायचं की माऊसच आहे. पुढे विंडोज ९५, ९८, एक्सपी, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच युक्ती चालली. विंडोजला स्वतःला अनेक बोटं कळायला लागली ती विंडोज ७ पासून, २००९ मध्ये. तेव्हा धागाकर्ते, तुमच्याकडचं विंडोज या कामाला जुनं नाही.

तर्री_वेगळी

सगळ्यांनी तांत्रिक माहिती छान दिली, पण मूळ कल्पनाच मला पटत नाही. टेबलावर उभ्या ठेवलेल्या पडद्याला हात लांब करून टच करत बसणं हा खांद्याला शिक्षा देण्याचा प्रकार आहे. स्टीव्ह जॉब्सने ऑक्टोबर २०१० मध्ये हेच सांगितलं होतं, की उभ्या पृष्ठभागावर टच नको, काही वेळाने हात गळून पडेलसं वाटतं. त्यापेक्षा मोठा ट्रॅकबॉल ठेवा, शेजारी एक कागद चिकटवा, दोन दिवस कुणीतरी उभं राहून शिकवा. साठीच्या लोकांना काही शिकता येत नाही हे गृहीत धरणंच मला खटकतं. माझे वडील सत्तरीत टॅली शिकले.

रेवा_के

@तर्री_वेगळी, वडिलांना नमस्कार. पण ते टॅली रोज वापरत असणार. वाचनालयातला माणूस पडद्यासमोर उभा राहतो अर्धा मिनिट, तोही आठवड्यातून एकदा. अर्ध्या मिनिटात खांदा भरून येत नाही आणि आठवड्यातून एकदा केलेली गोष्ट अंगवळणी पडत नाही. जॉब्स दिवसभर काम करणाऱ्याबद्दल बोलत होता.

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर एटीव्हीएम, म्हणजे तिकिटाची यंत्रं, बघा. उभ्याने टच, मागे रांग, आणि माणसं पटापट तिकीट काढतात. तिथला पडदा सरळ उभा नसतो, थोडा मागे कललेला असतो. कोयनाकाठ, तुमचा मॉनिटरही जरा खाली ठेवून मागे कलवा. ट्यूबलाईट त्यात चमकत नाही ना एवढं बघा.

तर्री_वेगळी

एटीव्हीएमचं उदाहरण माझ्याच पथ्यावर आहे. तिथे यंत्राशेजारी मदतनीस उभा असतो, बहुधा रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि निम्मी रांग त्याच्याकडूनच तिकीट काढून घेते. म्हणजे शेवटी माणूस लागतोच!

रेवा_के

त्याच्याकडून काढतात कारण तो पटापट काढून देतो. दिवा घ्या (हलकंच घ्या).

फोंडेकार

सेकंडहँड टच मॉनिटरबद्दल मी सांगतो, आमचं गोव्यात छोटं रेस्टॉरंट आहे. बिलिंगचं मशीन एक्सपीवर चालायचं, १५ इंची रेझिस्टिव्ह टच, मागे सिरियल केबल. किचनजवळ असल्यामुळे वेटरच्या बोटांना कधी तेल, कधी पाणी, कधी मासळीचा रस्सा. मोबाईलचा पडदा अशा बोटाला दाद देत नाही, याने कधी तक्रार केली नाही. दाब महत्त्वाचा, बोट कसलं का असेना.

पहिला मॉनिटर मात्र चार तारांचा होता. केओटीचं (किचनला ऑर्डर पाठवायचं) बटण उजवीकडे खाली, दिवसभर सगळे तिथेच दाबणार. हळूहळू त्या कोपऱ्यात फिल्म पांढुरकी झाली, मग टच सरकायला लागला. केओटी दाबलं की शेजारचं "रद्द" लागायचं. कॅलिब्रेट केलं, म्हणजे टचची जागा पुन्हा जुळवली, की चार दिवस बरं, पुन्हा तेच. दुसरा घेतला तो पाच तारांचा. तोच कोपरा याचाही घासलाय, दिसतो पण वाईट, टच मात्र जागच्या जागी.

तेव्हा जुना बिलिंग मॉनिटर घेणार असाल तर पडदा बंद ठेवून तिरक्या उजेडात बघा. घासलेला कोपरा लगेच दिसतो.

पावशेर_सोल्डर

फोंडेकारांच्या अनुभवामागचं कारण असं. चार तारांच्या पॅनेलमध्ये एक अक्ष खालच्या काचेवरून आणि दुसरा वरच्या फिल्मवरून मोजतात. फिल्म झिजली किंवा तडकली की तिचा रोध बदलतो आणि त्या अक्षाचं मापच चुकतं. पाच तारांच्या पॅनेलमध्ये दोन्ही अक्ष खालच्या काचेवरून मोजतात, वरची फिल्म फक्त व्होल्टेज उचलायला. ती थोडी झिजली तरी माप बिघडत नाही. दुकानदाराला "चार वायर की पाच" हे विचारलं की समोरचा माहितगार आहे हे त्यालाही कळतं, भाव करताना उपयोग होतो.

पी_थ्री_प्रेमी

धागा थोडा पळवतो. माझ्याकडे पेंटियम ३, विंडोज ९८ आणि १५ इंची सीआरटी आहे. निव्वळ हौस म्हणून टच लावायचाय. यूएसबी फ्रेम चालेल? की पीएस/२ माऊसच्या पोर्टला काही जुगाड? आणि माळ्यावर एक लाईट पेनही आहे.

जुनापुराणा

पीएस/२ चा नाद सोडा. तो माऊस "इतका डावीकडे, इतका वर" एवढंच सांगतो, आपण पडद्यावर नेमके कुठे आहोत हे सांगत नाही. टचला नेमकी जागाच सांगायची असते. हल्लीच्या यूएसबी फ्रेमचं ९८ शी जमेलच असं नाही. तुमच्या मशीनला शोभेल तो सिरियल पोर्टचा रेझिस्टिव्ह किंवा कपॅसिटिव्ह (दाबाऐवजी बोटाचा स्पर्श ओळखणारा) पॅनेल आणि त्याचा त्या काळचा ड्रायव्हर. ड्रायव्हरची सीडी मिळत असेल तरच पॅनेल घ्या, नाहीतर नुसती काच घरात येईल.

सीआरटीवर सपाट फ्रेम बसवलीत तर काच फुगीर असल्याने कडेला बोट आणि चित्र यांत अंतर पडतं. तुम्ही टेकवता एका ठिकाणी, टच लागतो बाजूला.

लाईट पेन मात्र सांभाळून ठेवा. त्याच्या टोकाला प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. सीआरटीचा किरण ओळीओळीने पडदा रंगवतो, तो पेनाच्या टोकाखालून जातो त्या क्षणावरून जागा काढतात. आयबीएमच्या सीजीए या जुन्या डिस्प्ले कार्डावर लाईट पेनसाठी जोडणी होती. एलसीडीत असा धावणारा किरणच नसतो, त्यामुळे तिथे तो मुका.

पी_थ्री_प्रेमी

धन्यवाद. बायकोला "लाईट पेन सांभाळून ठेवा" ही ओळ दाखवली.

टाचणी

रुमाल उचलते. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

कोयनाकाठ, समजा फ्रेम लावली, टच झकास चालला. मग वाचक करणार काय? पुस्तकाचं नाव कसं शोधणार? पडद्यावरच्या कीबोर्डवर मराठी टाइप करून? विंडोजच्या ऑनस्क्रीन कीबोर्डवर इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी लावून बघा आणि "ज्ञानेश्वरी" लिहून दाखवा. "ज्ञ" ला आपल्याला शिफ्टबरोबर कुठली कळ हे शोधावं लागतं, तिथे आजोबा काय करतील? तेही मोबाईलवर बोलूनच शोधतात, टाइप करत नाहीत.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. तुमची ग्रंथयादी कुठल्या फॉन्टात आहे? जुन्या वाचनालयांच्या याद्या बहुतेक एक्सेलमध्ये आणि युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला संकेत देणारी पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टांत असतात. दिसायला मराठी, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट बदलला की कचरा. अशा यादीत शोध लागतच नाही. आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी टाइप केलेला असतो आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलटी. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर तिथे हमखास घसरतो. "कीर्ती", "मर्ढेकर", "स्थितप्रज्ञ" असे शब्द आधी तपासा, ते बरोबर आले तर बाकी बरंच बरोबर आलेलं असतं.

आता पडद्यावर काय ठेवायचं. शोधायची चौकट ठेवूच नका. "लेखक", "विषय", "नवीन आलेली" अशी तीन मोठी बटणं ठेवा. लेखक दाबलं की मुळाक्षरं. १७ इंचीवर नऊ रकाने पाडले तरी एकेक अक्षर साडेतीन सेंटिमीटरहून रुंद होतं, थरथरत्या हातालाही चुकत नाही. आडनावाचं पहिलं अक्षर दाबलं की लेखकांची यादी, लेखक दाबला की पुस्तकं, पुढे कपाट क्रमांक आणि "आहे / बाहेर". टाइप काहीच करायचं नाही.

अण्णा_बार्शीकर

"क" दाबल्यावर कुलकर्ण्यांची फौज निघेल त्याचं काय?

टाचणी

अण्णा, बरोबर पकडलंत. "क", "ज", "द" आणि "प" ला आणखी एक पायरी द्यायची: का, कि, कु, के... बाकीच्या अक्षरांना गरज पडत नाही. "ठ" ला आमच्याकडे एवढे लेखक आहेत की एका नजरेत मावतात.

पावशेर_सोल्डर

टाचणीताईंना जोरदार अनुमोदन, आणि त्याला आकड्यांची जोड. त्या मॉनिटरवर एक पिक्सेल ०.२६४ मिलिमीटरचा. विंडोजची नेहमीची स्क्रोलपट्टी १७ पिक्सेल रुंद, म्हणजे साडेचार मिलिमीटर. बोटाचं टोक त्याच्या दुप्पट. जुनं सॉफ्टवेअर टचवर चालत नाही ते पॅनेलमुळे नव्हे, या साडेचार मिलिमीटरमुळे. बटण निदान ४० पिक्सेल हवं, वयस्कांसाठी त्याच्या दुप्पट. स्क्रोलपट्टीऐवजी "पुढे" आणि "मागे" अशी बटणं द्या. डबल क्लिक कुठेही नको, आणि माऊस वर नेल्यावर उघडणारे मेनूही नकोत, बोटाला नुसतं "वर नेणं" जमत नाही.

आणखी एक: दाबल्या दाबल्या बटणाचा रंग बदलला पाहिजे. जुन्या पीसीवर पान उघडायला क्षणभर लागतो. तेवढ्यात काही हललं नाही की माणूस पुन्हा दाबतो आणि दुसरा टच पुढच्या पानावर भलतीकडे लागतो.

नाना_वाचक

हे सगळं वाचून एवढंच म्हणतो, की आमच्या वाचनालयात कार्डांचे लाकडी खण होते. खण ओढा, कार्ड चाळा, शोधत नव्हतो तेही पुस्तक सापडायचं. वीज लागत नव्हती. पाखरंही येत नव्हती. आणि ग्रंथपालांशी दोन शब्द बोलणं व्हायचं ते वेगळंच. आता तेही पडद्यावर टच करून बोलणार काय?

टाचणी

नाना, खण मलाही आवडायचे. पण आमच्या खणांतल्या कार्डांना कसर लागली होती, "प" च्या खणात तर निम्मी नावं खाल्लेली. आणि पुस्तक बाहेर गेलंय का हे कार्ड कधीच सांगत नव्हतं. चाळताना अवांतर सापडण्याची मजा मात्र खरी. म्हणूनच मी शोधचौकट नको म्हणतेय, अक्षर दाबून यादी चाळली की तीच गंमत थोडीफार राहते.

नाना_वाचक

हे पटलं. अक्षरं मोठी ठेवा.

पेंग्विन_पंढरपूरचा

उशिरा आलो. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. मशीन इंटरनेटला जोडणार नसाल तर चालेल, जोडणार असाल तर लिनक्स टाका. तुमचा प्रोसेसर ६४ बिटी आहे, त्यामुळे अडचण नाही. ज्यांच्याकडे ३२ बिटी मशीन आहे त्यांनी लक्षात घ्या, डेबियन या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांना नेहमीसारखं इन्स्टॉल करता येत नाही.

यूएसबी फ्रेम लिनक्सला बहुधा थेट कळते. सिरियल टच असेल तर इनपुटअटॅच नावाचं छोटं साधन आहे, त्याला पॅनेलचा प्रकार सांगितला की झालं. अक्ष उलटेसुलटे लागत असतील, म्हणजे बोट उजवीकडे आणि बाण खाली, तर ती एका ओळीची सेटिंग आहे. पॅनेल खराब समजून परत करू नका.

आणि विंडोज ठेवा की लिनक्स, ब्राउझर किऑस्क मोडमध्ये उघडा. फायरफॉक्समध्ये ती सोय आहे, विंडोज ७ वर चालणाऱ्या ११५ या आवृत्तीतही. पडदाभर फक्त तुमचं पान, वर पट्टी नाही, बंद करायचं चिन्ह नाही. कीबोर्ड काढून कपाटात ठेवा. ग्रंथयादीचं पान पीसीवरच ठेवलंत तर नेटची गरजच नाही. काही हजार पुस्तकांची यादी म्हणजे दोन-चार एमबी, २ जीबी रॅमला काहीच नाही.

तर्री_वेगळी

तीन मोठी बटणं, टाइपिंग नाही, किऑस्क मोड. हे असं असेल तर टचला माझा विरोध नाही. माझा विरोध होता नेहमीच्या विंडोजवर काच चिकटवून "झाला टच" म्हणण्याला. पण एक विचारतो: असं पान असेल तर मग माऊसही चालेलच की?

रेवा_के

चालेल. दोन्ही ठेवा, बघू कोण काय वापरतं.

पावशेर_सोल्डर

दोन्ही ठेवू नका. माऊस हलला की बाण एकीकडे, बोट दुसरीकडे, आणि माणूस बाणाकडे बघत बसतो. टच ठेवलात तर बाण लपवा.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा वाचनखुणांत टाकलाय. ग्रंथपाल बाईंशी बोललो. यादी एक्सेलमध्ये आणि जुन्याच फॉन्टात आहे, टाचणीताई, तुमचा अंदाज बरोबर. कन्व्हर्टरमधून एक कपाट काढून बघितलं. रफार घसरलेत, पण ठरावीकच ठिकाणी, शोधा-बदला करून बरेच सुधारतील. कॉलेजातली दोन मुलं सुट्टीत यादी तपासायला तयार आहेत. अक्षरांचं पान आधी करून माऊसवर चालवून बघायचं आणि यादी नीट झाल्यावर फ्रेम घ्यायची असं ठरलंय. मंडळानेही याला मान हलवली, कारण यादी सुधारायला पैसे लागत नाहीत.

माप घेतलं: ३३.८ बाय २७, सोल्डरपंतांनी सांगितलं तसंच. पुण्याला तपकीर गल्लीत ओळखीच्या दुकानदाराला फोटो पाठवला. ५:४ ची फ्रेम मागवून देतो म्हणाला, यूएसबी, ड्रायव्हरशिवाय. फक्त मॉनिटरची प्लास्टिकची कड थोडी उंच आहे, फ्रेम तिच्यावर बसणार, म्हणजे काच आणि किरण यांत पाऊण सेंटिमीटरची फट राहील. चालेल का? आणि फ्रेम टेपने चिकटवू की बारीक स्क्रू मारू?

पावशेर_सोल्डर

पाऊण सेंटिमीटर जास्त आहे. बोट काचेला टेकायच्या आतच टच लागेल, बाही किंवा बांगडी आड आली तरी लागेल. मोठ्या बटणांवर जागेचा फरक जाणवणार नाही, पण माणूस दचकेल. कड मोजून दुकानदाराला सांगा. फ्रेमचं आतलं माप कडेच्या आत बसणारं मिळालं तर फट दोन-तीन मिलिमीटरवर येते. नाही मिळालं तर ४ मिलिमीटरची साधी काच कापून आणा आणि पडद्यासमोर बसवा, बोट तिला टेकेल आणि एलसीडीही वाचेल.

स्क्रू अजिबात नको, पॅनेलमध्ये जाईल. दुहेरी फोम टेप लावा, आधी कड स्पिरिटने पुसून घ्या. आणि यूएसबीची वायर मागून बांधून टाका, पोरं ती आधी ओढतात.